आजची तक्रार : काही नाही

६ जानेवारी २०२५, सोमवार. मच्छे, बेळगावजवळ.

ही वही सुभेदार परशराम साहेबांच्या हुकमावरून सुरू करतो आहे. मी हवालदार भरमा कांबळे, चोवीस वर्षे नोकरी, मॉर्टर प्लॅटून, गेल्या मार्चअखेर निवृत्त. सध्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या गेटवर सिक्युरिटी.

सुभेदार साहेब निवृत्त होऊन पंधरा वर्षे झाली, तरी माजी सैनिकांचे अर्ज लिहून देण्याची ड्युटी त्यांनी सोडलेली नाही. काल घरी आले, माझी ट्रंक उघडायला लावली आणि तळातून एक पत्र काढलं. रिटायर होताना मेडिकल बोर्डानं माझा डावा कान 'थोडा कमी' लिहिला होता. टक्केवारी वीसच्या खाली, वर 'सेवेमुळे नाही' असा शेरा. त्यामुळे अपंगत्व पेन्शनचा अर्ज नामंजूर. पत्रावर तारीख १८ ऑगस्ट. त्यात एक वाक्य आहे : 'संपूर्ण सेवाकाळात कानाची एकही तक्रार नोंदलेली नाही.' मला ते प्रशस्तिपत्रासारखं वाटलं होतं, म्हणून जपून ठेवलं होतं.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "भरमा, अपील सा म्हयन्यात करायचं असतंय रं. सतरा फेब्रुवारी गेली की दार बंद. मग उशीर का झाला त्येचा अर्ज, त्येच्यावर अर्ज. तू काय करत हुतास?"

"कायतरी ठीक हुईल म्हनलं."

"हीच तुझी खोड. कुनीबी इचारलं की सब ठीक. आजपस्नं रोज लिव्हायचं. खाली एक ओळ घालायची, आजची तक्रार. खरंखरं."

खरंखरं लिहितो. डावा कान हवा तसा नाही, हे मान्य. उजवा ए-वन आहे.

आजची तक्रार : काही नाही.

९ जानेवारी, गुरुवार

अलीकडे लोक फार हळू बोलायला लागले आहेत. मोबाइलमुळे असेल. आमची पारमिता बेळगावला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पोरगी शेजारच्या खोलीत बसून मला मेसेज पाठवते, 'आप्पा, जेवायला या.' चार पावलं येऊन सांगायला काय होतं? आजकालची पिढीच तशी.

सुला मात्र वयाबरोबर प्रेमळ झाली आहे. रस्त्यानं चालताना नेहमी माझ्या उजव्या बाजूला. चुकून डावीकडे आली तर वळसा घालून परत उजवीकडे. लग्नाला तेवीस वर्षे झाली, पण नव्या नवरीसारखं चालतं तिचं. फक्त भाकरी थापताना माझ्याकडे पाठ करून बसते. तेव्हा तिची मान हलत असते आणि मधूनच हात कपाळाकडे जातो. बहुधा बुद्धवंदना म्हणत असावी. फार श्रद्धाळू बाई आहे.

फौंड्रीचे सुपरवायझर आण्णाप्पा कन्नड बोलतात. माझं कन्नड पक्कं आहे, सगळ्या पलटणीत मीच दुभाष्या होतो. पण त्यांनी मिशा वाढवल्यापासून त्यांचं कन्नड अवघड झालं आहे.

आजची तक्रार : आण्णाप्पांच्या मिशा.

१३ जानेवारी, सोमवार

आज गेटवर एक ट्रक मागे येत होता आणि मी रजिस्टर लिहीत पाठमोरा उभा होतो. कुणीतरी कॉलर धरून मला बाजूला ओढलं. पाहतो तर आण्णाप्पा. ट्रकचं चाक माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर. ड्रायव्हर खाली उतरून हातवारे करत होता, म्हणे केव्हापासून हॉर्न देतो आहे. मी त्याला सुनावलं की गाडीला धड हॉर्न तरी बसवून घे.

 आण्णाप्पांनी वहीवर लिहून दाखवलं, उद्यापासून आतल्या बाजूला बसा. ही बढती की काय, ते कळलं नाही. ट्रकच्या चाकाचं घरी सांगितलं नाही, उगाच काळजी करतील. जेवताना सुलानं शेंगदाण्याची चटणी न मागता दोनदा वाढली. तिला कुणी सांगितलं कोण जाणे.

आजची तक्रार : ट्रकचे हॉर्न.

१६ जानेवारी, गुरुवार

आज बेळगावला कानाची तपासणी झाली. साहेब बाहेर बाकावर, मी आत काचेच्या खोलीत. रक्षा नावाची टेक्निशियन, पारमिताच्या वयाची. डोक्यावर हेडफोन चढवला आणि म्हणाली, आवाज आला की बटण दाबायचं. बस्स.

ही परीक्षा मी आयुष्यात कितीदा दिली असेल! काचेपलीकडे तिचा उजवा खांदा दिसत होता. तिनं खटका दाबला की खांदा किंचित पुढे येतो. दोन-तीनदा पाहिलं आणि ताल सापडला. खांदा पुढे, की माझं बटण. एकही चुकवला नाही. तिनं आश्चर्यानं माझ्याकडे पाहिलं. रिपोर्ट आला : दोन्ही कान जवळजवळ नॉर्मल.

बाहेर आलो आणि साहेबांना म्हणालो, "पास झालो साहेब!"

साहेब रिपोर्टकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग छताकडे.  कँटीनमध्ये चहा पिताना मी तो खांद्याचा डाव सांगितला. त्यांनी बशी खाली ठेवली.

"भरम्या, हितं नापास व्हायला आलतास रं तू!"

खरं सांगतो, माझ्या लक्षातच आलं नाही. बटण हातात आलं की अंगठा आपोआप चालतो. नोकरीत दरवर्षी मेडिकल असायचं आणि कॅटेगरी घसरली की प्रमोशन गेलं. आम्ही सगळेच असं करायचो. कुणी गुडघा बांधून पळायचा, कुणी डोळ्याचा तक्ता पाठ करून जायचा. माझ्या वाट्याला खांदा आला होता.

घरी सुलाला सांगितलं. ती उठली आणि भाकरी थापायला बसली. आज वंदना फार वेळ चालली.

आजची तक्रार : काही नाही. पास झालो आहे.

१९ जानेवारी, रविवार

साहेबांनी आज मला अंगणात बसवून सगळं समजावलं. मोठ्यानं बोलतात, म्हणून त्यांचं सगळं कळतं.

"हे बघ. आता कान परत तपासू, खरा रिपोर्ट घिऊ. पर आजचा रिपोर्ट आजचं सांगतोय. तू आठ म्हयनं फौंड्रीत हाईस. ते म्हननार, कान फौंड्रीनं गेला. जितका उशीर, तितकं ह्ये फौंड्रीच्या नावावर जानार. आपल्याला त्या टायमाचा कागुद पायजे. कान नोकरीत असताना गेला, असं त्याच टायमाला कुनीतरी लिवल्याला पायजे."

"तसा कागुद न्हाय साहेब. मी हुऊच दिला न्हाई."

मग त्यांना सांगितलं, ते इथंही लिहून ठेवतो. रेंजवर मॉर्टरचं फायरिंग होतं. मी नंबर दोन, म्हणजे नळीत बॉम्ब सोडणारा. दोन्ही कानांत कापूस होता. पण हुकूम डावीकडून यायचा आणि तो नीट ऐकू येईना, म्हणून मी डाव्या कानातला कापूस काढला. तिसऱ्या बॉम्बनंतर त्या बाजूचं जग गेलं. आत नुसती शिट्टी वाजत राहिली. संध्याकाळी उशीवर रक्ताचा डाग पडला, तो मी उशी उलटी करून झाकला. दोन महिन्यांनी हवालदारकीचा कॅडर, म्हणजे बढतीचा कोर्स होता. मेडिकलला गेलो असतो तर कॅटेगरी गेली असती. पंधरा दिवसांनी रजेवर आलो, तेव्हा निपाणीत कुठल्याशा डॉक्टरला दाखवलं. कुठला डॉक्टर, कुठलं साल, काही आठवत नाही. विसरायचं म्हणूनच दाखवलं होतं.

साहेबांनी स्वतःचा गुडघा चोळला. मग म्हणाले, "मीबी गुडघं झाकलं हुतं रं."

आजची तक्रार : ती शिट्टी अजून वाजते. पण सवय झाली आहे, तेव्हा तिला तक्रार म्हणता येणार नाही.

२९ जानेवारी, बुधवार

दोन दिवस निपाणीत कानाचे दवाखाने पालथे घातले. एक डॉक्टर वारले आहेत, एकानं जुने कागद टाकून दिले, तिसऱ्यांनी संगणकात नाव शोधलं. भरमा कांबळे तीन निघाले, त्यातला मी एकही नव्हतो. बस स्टँडवर साहेबांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, एकोणीस दिवस राहिले. मी मनात म्हटलं, सब ठीक होईल. पण या वेळी तोंडातून आलं नाही.

खरं म्हणजे मला पेन्शनपेक्षा त्या वाक्याचं वाईट वाटतं आहे. 'एकही तक्रार नोंदलेली नाही.' आधी त्याचा अभिमान वाटत होता. आता वाचलं की वाटतं, ते मला खोटारडा म्हणत आहेत आणि पुरावा माझ्याच सहीचा आहे.

आजची तक्रार : ही वरचीच.

२ फेब्रुवारी, रविवार

जेवताना सहज सुलाला म्हणालो, निपाणीचा कानाचा डॉक्टर कुठला होता ग? तिनं ताट ठेवलं, माळ्यावर चढली आणि जुन्या कॅलेंडरांची सुरळी घेऊन उतरली. दरवर्षीचं एक. ही बाई कॅलेंडर टाकत नाही, यावरून मी तिची कायम थट्टा करत आलो. दूध, गॅस, हळदी-कुंकवाच्या आमंत्रणाला नकार, असलं काहीबाही चौकोनात लिहिते. निपाणीत बिड्या वळत होती तेव्हाचीही त्यात आहेत.

पारमितानं २०१३ चं उलगडलं. मे महिना. १४ तारखेच्या चौकोनात, 'गॅस आला'च्या खाली, बारीक अक्षरात :

'ह्यांचा डावा कान. रक्त. दवाखान्यात नेलं. कुणाला सांगू नको म्हणाले.'

मग आम्ही सगळी कॅलेंडरं उलगडली. माझ्या प्रत्येक रजेच्या महिन्यात एक तरी ओळ होती. 'रातभर उशीवर हात दाबून.' 'पारूनं हाक मारली, वळले नाहीत.' 'टीव्ही लई मोठा.' २०१९ : 'आता उजवापण.'

मी म्हणालो, "तू कवा बोलली न्हाईस."

सुला म्हणाली, "तुमीच म्हनला हुता, कुनाला सांगू नको. म्हनून तुमालाबी सांगितलं न्हाई."

पारमिता हसत हसत आत गेली आणि बराच वेळ आली नाही. मग मेसेज आला. 'आप्पा, मी हाका मारून थकले, म्हणून मेसेज करते. आळशी नाही मी.'

आजची तक्रार : आज लिहायला जमत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

निपाणी. साहेब, सुला आणि मी. दवाखाना कानाच्या डॉक्टरचा नव्हताच, बिडी कामगारांचा होता! सुलाच्या कार्डावर घरच्यांना फुकट औषध मिळायचं, म्हणून तिनं मला तिथं नेलं होतं. तिथले जुने कंपाउंडर राजकुमार अण्णा रिटायर व्हायला आले आहेत, पण रजिस्टरं त्यांनी तंबाखूच्या पोत्यांतून नीट बांधून ठेवली आहेत.

मी म्हणालो, भरमा कांबळे शोधा. त्यांनी २०१३ चा मे काढला, बोट फिरवलं, नाही. परत फिरवलं, नाही.  तेव्हा सुला पुढे झाली.

"अण्णा, ह्येंचं नाव कशाला असंल? माझं बघा की."

होतं. १४ मे, अनुक्रमांक एकोणीस. 'सुलाबाई कांबळे, बिडी कामगार. रुग्ण : पती, अवलंबित. सैनिक, रजेवर. पंधरा दिवसांपूर्वी तोफगोळ्याचा आवाज. डाव्या कानाचा पडदा फाटलेला. मोठ्या दवाखान्यात जाण्याचा सल्ला, रुग्णाचा नकार.' खाली डॉक्टरांची सही.

साहेबांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. पोत्यांजवळ बसलेल्या दोन बाया ऐकत होत्या. 'अवलंबित' आलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मी छाती काढून उभा राहिलो. देशाचा हवालदार, सुलाबाईचा अवलंबित.

राजकुमार अण्णांनी झेरॉक्सवर शिक्का मारला आणि सुलाला म्हणाले, "आक्का, तुमचं कार्ड हाय न्हवं अजून? जपून ठेवा. ह्ये मानूस तुमच्याच कार्डावर हाय."

आजची तक्रार : काही नाही. या वेळी खरंच नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

कानाची परत तपासणी. मी आधीच रक्षाला खांद्याचं सांगून टाकलं. ती हसली, माझी खुर्ची फिरवली आणि तोंड भिंतीकडे केलं.

समोर पांढरी भिंत. बटण हातात. मी वाट पाहत बसलो. बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं, मशीन सुरू व्हायचं आहे. मधे एकदा बारीक काही आल्यासारखं वाटलं, पण ती माझीच शिट्टी होती. शेवटी मी मागे वळून म्हणालो, "बाळ, चालू कर की आता."

रक्षा उभीच होती. म्हणाली काहीतरी. मग कागदावर लिहिलं, 'काका, दहा मिनिटं चालूच आहे. आता उजवा कान आहे.'

मला भीती वाटली. रेंजवर नाही वाटली, बर्फात नाही वाटली, आज त्या पांढऱ्या भिंतीपुढे वाटली.

आजची तक्रार : उजवा कानही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अपील गेलं. स्पीड पोस्टानं, चार दिवस राखून. रजिस्टरची प्रत, नवा रिपोर्ट, सुलाचं शपथपत्र, कॅलेंडरच्या पानांच्या झेरॉक्स. परत बोर्डापुढे तपासणी व्हावी अशी विनंती. साहेबांनी 'गॅस आला' सुद्धा झाकू दिलं नाही. म्हणाले, तेच खरं वाटतंय. पोस्टातल्या बाईनं पावती दिली, ती साहेबांनी स्वतःच्या खिशात घातली. माझ्या ट्रंकेवर त्यांचा विश्वास नाही.

आजची तक्रार : काही नाही.

१७ जून, मंगळवार

चार महिने वही बंद होती, कारण फौंड्री सुटली. आतल्या बाजूलाही मशीनजवळून जावं लागतं, आणि आण्णाप्पांना दुसऱ्यांदा माझी कॉलर धरावी लागली. निरोप द्यायला ते घरी आले. मिशा काढून टाकल्या होत्या. मला त्यांचा शब्दन्‌शब्द कळला. भला माणूस.

आज बोर्डापुढे उभा राहिलो. मोठे डॉक्टर कर्नल होते. मला पाठमोरं उभं केलं. समोर खिडकी होती आणि काचेत त्यांचे ओठ स्पष्ट दिसत होते. ओठ हलले. काय म्हणाले ते मला सहज कळलं असतं. चोवीस वर्षांची सवय, जीभ 'यस सर'वर येऊन थांबली होती.

मी डोळे मिटले.

थोड्या वेळानं खांद्यावर हात पडला. डॉक्टरांनी मला फिरवून विचारलं, मी काय बोललो? मी म्हणालो, "न्हाय ऐकू आलं साहेब." सावधानमध्ये उभं राहून असं म्हणण्याची माझी ही पहिलीच वेळ. कान गरम झाले. त्यांनी फाइल उघडली, कॅलेंडरचं पान बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, हे अक्षर कुणाचं? मी म्हणालो, मी ज्यांचा अवलंबित आहे त्यांचं, साहेब. त्यांना हसू आलं की खोकला, ते कळलं नाही.

आजची तक्रार : दोन्ही कान. बोर्डाला सांगितली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पत्र आलं. अपील मान्य. कान सेवेमुळे गेला असं लिहिलं आहे, टक्केवारीही वीसच्या बरीच वर. पत्र सुलानं आधी वाचलं, मग पारमितानं, मग साहेबांनी अंगणात उभं राहून एवढ्या मोठ्यानं, की शेजारचे बाहेर आले. ते जुनं वाक्य या पत्रात नाही. मी दोनदा शोधलं.

साहेब म्हणाले, "आता वही बंद केलीस तरी चालंल." मी म्हणालो, बघू.

आजची तक्रार : साहेबांचा आवाज.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज बेळगावात दोन्ही कानांना मशीन बसवलं. बारीक आहे, कानटोपी घातली की दिसत नाही. बसमधून येताना जीव नकोसा झाला. खिडक्या, घंटी, मागच्या सीटवरची कन्नड भांडणं, सगळं एकदम. एवढा गोंगाट लोक रोज सोसतात आणि तरी एकमेकांशी बरं वागतात, याचं नवल वाटलं.

घरात आलो. सुला पाठमोरी भाकरी थापत होती. थापटण्याचा आवाज मी कित्येक वर्षांनी ऐकला. तिनं मान वळवून मला पाहिलं, कानटोपी पाहिली आणि परत परातीकडे वळली. वंदना सुरू झाली. मी दारातच उभा राहिलो.

"आलं. काय झालं सांगनार न्हाईत. इचारलं तर ठीक हाय. चोवीस वर्सं ठीक हाय. उशीवर रगत, तरी ठीक हाय. टरकाखाली जाताना वाचलं, पोरीला आण्णाप्पानं फोन केला म्हनून कळलं, ह्येंचं आपलं ठीक हाय. दगडासंगं लगीन लावलं असतं तर त्यो तरी तापला की सांगतोय. कान गेला तर जाऊ दे, माझं दोन हाईत की. परत घरला आलं, मला तेवढं बास हाय. पर मानसानं येकदा तरी म्हनावं, सुला, दुखतंय. येकदा."

मग एक भाकरी तव्यावर पडली. भाकरी पडल्याचा आवाज वाटतो त्याहून फार मोठा असतो.

मी म्हणालो, "सुला, दुखतंय."

तिचे हात थांबले. वळली तेव्हा गालाला पीठ लागलं होतं. मी कानटोपी काढली. तिनं एका कानाकडे पाहिलं, मग दुसऱ्या.

"कवापस्नं ऐकतायसा?"

"वंदनेच्या सुरवातीपस्नं."

तिनं पिठाचा हात माझ्या डाव्या कानावर ठेवला, मशीनसकट. आत मोठी खरखर झाली. मी हात काढू दिला नाही. भाकरी करपली.

आजची तक्रार : डावा कान. २०१३ पासून दुखतो. आज सुलाकडे नोंदवली.